चार तासांचा स्लॉट, दोन गाणी: वेळ कुणाला द्यायचा?

कृष्णाकाठ (सांगली)
मंडळी, सल्ला हवाय. भांडलात तरी चालेल. खोलीवजा स्टुडिओत ४ तास मिळालेत आणि गाणी दोन आहेत. एक 'मुख्य': कृष्णेच्या घाटावरचं प्रेमगीत, चाल घोटून झालेली, तीन कडवी. दुसरं टाइमपास: साखर कारखान्याच्या काट्यावर (उसाच्या वजनाला) रात्रभर नंबर लावून बसलेल्या ट्रॅक्टरवाल्यांचं. त्याच्या ध्रुवपदात एकानं 'काटा झाला का?' विचारायचं आणि बाकीच्यांनी 'काटा!' म्हणून ओरडायचं, बास. मंडळाचा ठराव असा की साडेतीन तास घाटाला, उरलेला अर्धा काट्याला.

मला मात्र १९७४ चं 'कुंग फू फायटिंग' आठवतंय. निर्माता बिद्दू, आपल्या बंगळुरूचा माणूस, लंडनला जाऊन बसलेला. गायक कार्ल डग्लस. तीन तासांच्या सेशनमधले दोनाहून जास्त तास ए-साइडच्या गाण्यानं खाल्ले आणि हे बी-साइडचं गाणं शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं. पुढं ते इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडं एक नंबरला गेलं. मग आधी ओळखता येतं का कुठलं चालणार? येत नसेल तर वेळ कशाच्या हिशोबानं वाटायचा?

पांढरी_चार (कराड)
काटा. डोळे झाकून काटा.

सायलेंट_मोड
बी-साइड म्हणजे काय ओ?

पेन्सिल_आणि_कॅसेट (वाई)
७ इंची तबकडी, मिनिटाला ४५ फेरे, एका बाजूला एकच गाणं. विकायचं गाणं ए बाजूला. मागची बाजू कोरी सोडता येत नाही म्हणून तिथं काहीतरी घालायचं, ते बी. लग्नात आहेराच्या पाकिटावर एक रुपया चिकटवतात, तसला प्रकार.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट (मिरज)
ती दहा मिनिटांची गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. पहिले दोन-अडीच तास वाया गेले नव्हते. माइक लागले, लेव्हल बसल्या, हेडफोनमध्ये कुणाला काय ऐकू यायला हवं ते ठरलं, वादक रोज हेच काम करणारे. ए-साइडनं बी-साइडचं साउंडचेक फुकटात करून दिलं. आपल्याकडं कोरी टीम घेऊन शेवटची दहा मिनिटं मागितली तर त्यातली आठ 'मला माझा आवाज ऐकू येईना'त जातात.

दुसरं म्हणजे वरचं काम. 'हू' आणि 'हा' हे आवाज, वार केल्यासारखे दणके, हे सगळं बिद्दूनं हात सैल सोडून भरलं, कारण बी-साइड कोण ऐकतंय! ए-साइडला असला आगाऊपणा करायची छाती झाली नसती. तुमच्या 'काटा!' ओरडण्याचं तेच आहे. अर्ध्या तासात उरका, पण घाटाच्या गाण्याला लावलेले माइक तसेच ठेवून. क्रम बदलू नका.

कंदी_पेढा (सातारा)
मला नाही पटत. अशा एका उदाहरणावर आळशी लोक वर्षानुवर्षं जगतात. 'सैराट' २०१६ चा. अजय-अतुलनी त्याचा सिंफनीचा भाग थेट हॉलिवूडला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर रेकॉर्ड केला. एवढा खटाटोप करूनच ती गाणी गावोगाव वाजली ना? घाटाच्या गाण्याला वेळ द्या. सांगलीकरांना घाई फार.

पांढरी_चार (कराड)
'झिंगाट'वर नाचताना कोण व्हायोलिनं मोजतंय, पेढेवाले?

कंदी_पेढा (सातारा)
मोजत नाही. काढून टाकली तर मात्र बरोबर कळतं.

बेंजो_पार्टी (तासगाव)
तुम्ही लोक स्टुडिओच्या आतलंच बघताय. इकडं गाणं चाललं का नाही हे तीन ठिकाणी ठरतं: उसाचा ट्रॅक्टर, बेंजो आणि डॉल्बी. रील हे चौथं, पण रीलवाला आधीच्या तिघांच्या मागनं येतो.

बेंजोची परीक्षा घरी घेता येते. बेंजो म्हणजे बुलबुलतरंगाला पिकअप लावलेलं वाद्य, टाइपरायटरसारखी बटणं. बटणावर मींड (एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरणं) निघत नाही, हरकत (सुरांची चपळ वळवण) तुटक येते. सलग घसरत जाणारी चाल असली की बेंजोवाला ती सरळ करून वाजवतो आणि लोकांना गाणं ओळखूच येत नाही. म्हणून ध्रुवपदाची चाल हार्मोनियमवर एका बोटानं, सूर न लांबवता वाजवून बघा. शेजारच्याला ओळखू आली तर वरातीत चालेल. दीड सप्तकाच्या बाहेर जात असेल तर आत आणा. 'काटा झाला का' पाच-सहा सुरांत बसत असणार. घाटाच्या गाण्यात आलाप किती आहेत?

कृष्णाकाठ (सांगली)
आलाप चार. त्यातला एक आमच्या गायकाचा जीव की प्राण.

बेंजो_पार्टी (तासगाव)
मग बेंजोवर ते गाणं गेलं.

कंदी_पेढा (सातारा)
सगळी गाणी वरातीसाठी नसतात हो. घाटाचं गाणं इअरफोन लावून रात्री ऐकायचं. त्याला बेंजोची फूटपट्टी लावणं म्हणजे बैलजोडीचं वजन पेढ्याच्या तागडीत करणं.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट (मिरज)
या मुद्द्यावर पेढेवाल्यांशी सहमत. पण बेंजोवाले सांगतायत त्यातून इतिहासही सुटत नाही. 'कुंग फू'ला सुरुवातीला रेडिओनं हात लावला नव्हता. कंपनीतल्या माणसानं ऐकून 'हेच ए-साइडला घ्या' म्हणून धरून बसल्यावर ते पुढं आलं. मग वाजलं ते डान्स क्लबांत. तिथनं ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या यादीत ४२ व्या नंबरला शिरलं आणि सप्टेंबरात पहिल्या. त्यांचे क्लब, आपला ट्रॅक्टर.

गोधडीवाली (विटा)
वेळेचं भांडण चालू दे, खोलीचं कुणीच विचारलं नाही. 'खोलीवजा' म्हणजे चारी भिंती सिमेंटच्या असणार. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागं 'टर्रर्र' असं काही आलं तर समोरासमोरच्या भिंती आवाज परतवतायत. तो टर्र प्रत्येक शब्दाला चिकटतो आणि नंतर सॉफ्टवेअरमधल्या कुठल्याही प्लगिननं निघत नाही.

गाणाऱ्याच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या लावा. भिंतीला चिकटवायच्या नाहीत, चार-पाच इंच पुढं दोरीवर टांगायच्या, जास्त काम देतात. पाठीमागची सगळ्यात महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडं असतं. लोक नेमकी माइकच्या मागच्या भिंतीला फोम लावून मोकळे होतात. एक ध्यानात ठेवा, गोधडी वरच्या पट्टीचा आवाज खाते, खालचा घुमारा नाही. तो कोपऱ्यात साठतो, म्हणून कोपऱ्यात गाऊ नका आणि अगदी खोलीच्या मध्यावरही नको.

पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायचं ध्यानात राहावं म्हणून गाडीची किल्ली त्यावर ठेवा.

सायलेंट_मोड
घों असा आवाज येतो तो पण खोलीचाच का?

अठ्ठेचाळीस_व्होल्ट (मिरज)
नाही, तो लायटीचा. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतला. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेला, तर अर्थिंगचा घोटाळा. मग लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, टेक झाला की चार्जर. नाही गेला तर लॅपटॉप, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी), स्पीकर सगळं एकाच बोर्डवर घ्या. दोन खोल्यांतल्या दोन बोर्डांवर विभागलं की घोंघावतं. इन्व्हर्टरवर अजून एक किरकिर येते. लाइट गेली तर चहा प्या, रेकॉर्डिंग करू नका.

बाकी आकडे: रेकॉर्डिंगची सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. कंडेन्सर (वीज लागणारा नाजूक माइक) असेल तर फँटम पॉवर, म्हणजे वायरीतनंच जाणारी वीज, ४८ व्होल्ट (नाव त्यावरनंच घेतलंय). तोंडापासून माइक वीतभर, मधे पॉप फिल्टर ('प', 'फ'चा फुत्कार अडवणारी जाळी). नसेल तर भरतकामाच्या रिंगणावर बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा ताणून बसवा, तेच काम होतं. लेव्हल अशी की सगळ्यात मोठी ओरड उणे १२ डेसिबलच्या आसपास जावी. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला शिवता येत नाही. हळू झालेला नंतर चढवता येतो. लोक घाबरून उलटं करतात.

पांढरी_चार (कराड)
आणि ब्लूटूथचा हेडफोन कुणाच्या कानाला दिसला तर बाहेर काढा. हेडफोनला नाही, माणसाला. त्यात पाव सेकंदापर्यंत उशीर होतो. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे पाव सेकंद उशिरा ऐकणारा हलगीवाला बरोबर दोन ठोक्यांच्या मधोमध वाजवणार. सगळे त्याला शिव्या देणार, दोष बिचाऱ्याचा नाही. वायरचा, कान झाकणारा हेडफोन घ्या. उघडा असला की क्लिकचा (कानात लय धरून देणारा) टिकटिक आवाज माइकमध्ये शिरतो आणि शेवटच्या शांत ओळीत सगळ्यांना ऐकू येतो.

इंटरफेसचा बफर (लॅपटॉप आवाज किती साठवून पुढं सोडतो ते) रेकॉर्डिंगला ६४ किंवा १२८, मिक्सला ५१२ च्या वर. उलटं ठेवलं तर गाणारा अडखळतो नाहीतर लॅपटॉप अडखळतो.

हलगी_घुमकं (जत)
हलगी म्हणताय तर ऐका. हलगी तापवल्याशिवाय वाजत नाही आणि तापलेली हलगी थांबत नाही. कातडं गार झालं की सूर उतरतो. पहिल्या टेकची कडकडीत आणि चौथ्याची ढब्ब, अशी दोन जोडली की कुणालाही कळतं. दर टेकच्या आधी परत तापवायची. पावसाळी हवेत अजून लवकर उतरते.

माइक हलगीच्या तोंडासमोर लावू नका. तीन-चार फूट लांब, छातीच्या उंचीवर, थोडा तिरका. साधा डायनॅमिक माइक पुरतो. कंडेन्सरच लावणार असाल तर त्यावर पॅडचं (आवाज कमी घेणारं) बटण असेल तर ते दाबा. हलगीचा पहिला टिप्पूर (कडक ठोका) मीटर दाखवतो त्याहून उंच जातो, म्हणून लेव्हल गाण्यापेक्षा अजून खाली. घुमकं (हलगीच्या साथीचं वाद्य) वेगळं घ्या. एकत्र घेतलं तर नंतर घुमक्याचा आवाज वाढवायला गेलं की हलगीपण वाढते. कैताळ (झांजेसारखं) सगळ्यात शेवटी, आणि मोजकं. स्पीकरवर कानात जातं ते.

पेन्सिल_आणि_कॅसेट (वाई)
स्टुडिओत जाळ करणार का मग?

हलगी_घुमकं (जत)
अंगणात. कागदाचा जाळ.

रियाज_आठ_ते_दहा (मिरज)
ओरडण्याबद्दल कुणी बोललं नाही. क्रम 'घाट आधी, काटा नंतर' हाच बरोबर, पण वरच्या कारणापेक्षा वेगळ्या कारणानं. दहा वेळा 'काटा!' ओरडल्यावर गळ्यावर सूज येते, मग प्रेमगीतातला वरचा सूर लागत नाही. ओरडणं नेहमी शेवटी.

पट्टी स्टुडिओत ठरवायची नसते. गायक काळी दोनमध्ये बसून छान गातो म्हणून काळी दोन धरतात आणि उभं राहून, हेडफोन लावून, तिसऱ्या टेकला तोच सूर टोचायला लागतो. आदल्या दिवशी पूर्ण गाणं सलग तीनदा म्हणून बघा. तिसऱ्यांदा धाप लागली तर अर्धा सूर खाली, काळी दोनची पांढरी दोन. ढोलकी असेल तर ती त्या पट्टीला मिळवून आणा.

प्रत्येक गाण्याचे चार-पाच पूर्ण टेक घ्या आणि ओळीओळीनं निवडा. एकेक ओळ थांबून-थांबून घेतली की श्वास खोटा वाटतो.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट (मिरज)
घोळक्याचा आवाज करायचा तर चार जण तीन वेळा घ्या, बारा होतात. दर वेळी जागा बदला, माइकपासून पाच-सहा फूट. एकच टेक तीनदा चिकटवून बारा होत नाहीत, तो नुसता मोठा होतो. जरा पुढंमागं सरकवून चिकटवला तर डब्यात बोलल्यासारखा पोकळ होतो. माणसाच्या दोन टेकमध्ये जो बारीक फरक पडतो, त्यातनंच जाडी येते.

बिद्दूचंच दुसरं काम हेच दाखवतं. 'कुर्बानी' १९८० चा, संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण 'आप जैसा कोई' एवढं एक बिद्दूचं. लंडनला रेकॉर्ड झालं. नाझिया हसन तेव्हा १५ वर्षांची, आवाज कोवळा. तोच आवाज दोनदा गाऊन घेऊन एकावर एक ठेवला. पुढच्या वर्षी तिला फिल्मफेअर मिळालं. तुमच्या घाटाच्या गाण्यातही ध्रुवपद दोनदा गाऊन घ्या, कडवी एकेरी ठेवा. ध्रुवपद आपोआप उघडतं.

रियाज_आठ_ते_दहा (मिरज)
आणि घोळक्यात शब्दाचा शेवटचा स, च, ट सगळ्यांनी म्हणायचा नाही. 'काटा'ला अडचण नाही, शेवट 'आ'. पण 'झालाच' वगैरे असेल तर 'च' एकानंच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. नाहीतर च-च-च अशी पाल चुकचुकते.

गोधडीवाली (विटा)
पाल चुकचुकली म्हणजे गाणं खरं होणार.

बेंजो_पार्टी (तासगाव)
ट्रॅक्टरवर 'काटा' का चालेल याला कारण आहे, नुसता अंदाज नाही. इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीत असतो, तो बेस खाऊन टाकतो. ड्रायव्हरला आणि रस्त्यावरच्याला पोचतं ते मधलं आणि वरचं. 'क' आणि 'ट' ही दोन्ही टोचणारी अक्षरं, मागं उघडा 'आ'. 'घाटावरती सांजवेळी' एवढं मऊ बोललेलं ट्रॉलीच्या खडखडाटात कुठनं ऐकू येणार?

म्हणून मिक्स करताना नुसता ४०-५० हर्ट्झचा दणका देऊन थांबू नका. तो डॉल्बीला. मोबाइलच्या स्पीकरात आणि ट्रॅक्टरच्या डब्यात तो निघतच नाही, तिथं बेसला थोडं सॅच्युरेशन (हलकी फाट) देऊन वरची झाक आणावी लागते, मग कानाला बेस 'असल्यासारखा' वाटतो. ओरड कधीच एका बाजूला ठेवू नका. ट्रॅक्टरचा डावा डबा डावीकडं, उजवा उजवीकडं, रस्त्याकडंच्या माणसाला एकच ऐकू येतो. आणि एकदा मोनो (डावं-उजवं एकत्र) करून ऐका. आवाज रुंद करणाऱ्या काही प्लगिननी मोनोत आवाज गायबच होतो.

पांढरी_चार (कराड)
सुरुवात पण सांगा. एक मिनिट सनई, मग पावसाचा आवाज, मग नायकाचा उसासा, असलं नको. 'काटा झाला का?' पहिल्याच सेकंदाला. डॉल्बीवाल्यासाठी वेगळी फाइल: आधी नुसती हलगी ८ आवर्तनं. १२० च्या लयीत चार ठोक्यांचं आवर्तन दोन सेकंदांचं, म्हणजे १६ सेकंद. तेवढ्यात तो मागच्या गाण्यातनं यात सरकतो. आणि लय क्लिकवरच. सरकत्या लयीचं गाणं तो जोडू शकत नाही, म्हणून लावतच नाही.

यूट्यूबला फार कडक मास्टर (शेवटची तयार फाइल) पाठवून फायदा नाही, उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज सरासरी किती मोठा याचं माप) वरचं ते स्वतःच खाली ओढतात. शिखर उणे १ डेसिबलवर ठेवा.

कंदी_पेढा (सातारा)
कडक मास्टरच्या नादात हलगीचा टिप्पूर चपटा होतो हे पण लिहा. लिमिटरनं (आवाजाची शिखरं दाबणारं प्लगिन) सहा-आठ डेसिबल कापलं की हलगीची पत्र्याची थाळी होते.

पांढरी_चार (कराड)
लिहिलं. म्हणजे तुम्हीच लिहिलंत.

खणभाग_वकीलबाई (सांगली)
कागद करा, मग ओरडा. गीतकार कोण, संगीतकार कोण, गायक कोण आणि रेकॉर्डिंगचा पैसा कुणाचा, हे चार हक्क वेगळे आहेत. मंडळाच्या नावावर सगळं टाकून मोकळे झालात की पुढं मंडळ फुटल्यावर गाणं कुणाचं यावर बैठका. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानं राखलेला आहे, त्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व घ्यावं. प्रत्येक रेकॉर्डिंगला त्याची ओळख म्हणून आयएसआरसी क्रमांक लागतो, बारा अक्षर-अंकांचा. भारतात त्याचं काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था बघते. वितरकामार्फत गाणं टाकलं तर बहुधा तोच देतो.

सगळ्यात जास्त गाणी अडकतात ती 'फुकट बीट'वर (तयार ताल-संगीतावर). नेटवरची फुकट बीट तीनशे जणांनी वापरलेली असते, त्यातला एक जण ती आपल्या नावावर नोंदवतो आणि तुमच्या गाण्यावर दावा येतो. हलगी स्वतःची वाजवताय तर हा प्रश्न मुळातच नाही.

आणि कडव्यात कारखान्याचं नाव नको.

पेन्सिल_आणि_कॅसेट (वाई)
नाव घातलं तर चेअरमनच हिट करतील की!

खणभाग_वकीलबाई (सांगली)
हो, आणि तारखेला तुम्ही याल.

हलगी_घुमकं (जत)
कधी काढणार गाणं? गणपतीत काढलं तर काट्याचं कुणाला पडलंय, तेव्हा धुराडी बंद. दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं तेव्हा काढा.

बेंजो_पार्टी (तासगाव)
थोडं आधी. ऊसतोडीच्या टोळ्या उतरायच्या आत ड्रायव्हरांच्या पेनड्राइव्हमध्ये गेलं पाहिजे. हंगामात एकदा भरलेला पेनड्राइव्ह मार्चपर्यंत कोण बदलत नाही.

सायलेंट_मोड
काटा झाला का?

पांढरी_चार (कराड)
काटा!

कृष्णाकाठ (सांगली)
वाचून झालं सगळं. आता मूळ प्रश्नाकडं. मंडळाशी बोलून असं ठरवतोय: पहिली ४० मिनिटं माइक, गोधड्या, टाळी. मग ३५ मिनिटं हलगी, पाठोपाठ घुमकं, दोन्ही काट्याचीच. घाटाला हलगी नाहीच, त्याची ढोलकी आणि हार्मोनियम घरी आधीच घेतोय. नंतर ७५ मिनिटं घाटाचं गाणं, पाच टेक, ध्रुवपद दोनदा. १५ मिनिटं चहा. काट्याची कडवी ३० मिनिटं, ओरड २५, कैताळ आणि राहिलेलं २०. घाटाचं गाणं पेढेवाले म्हणतात तसं इअरफोनसाठीच ठेवतो, चारातले दोन आलाप काढून. गायकाला अजून सांगितलेलं नाही.

अठ्ठेचाळीस_व्होल्ट (मिरज)
२४० भरली, पण फाइल उतरवायला वेळ ठेवला नाहीत. शेवटच्या वीसातली दहा कापा. सगळे ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या वेगवेगळ्या वेव फाइली म्हणून घ्या, दोन ठिकाणी. एक पेनड्राइव्ह, एक हार्डडिस्क. नुसती प्रोजेक्ट फाइल घेऊन घरी गेलात तर ती उघडेलच असं नाही.

हलगी_घुमकं (जत)
आणि पहिल्या ४० मिनिटांत हलगी तापवू नका, गोधड्या लावेपर्यंत गार होईल. टाळी झाली की मग काडी लावा.

कृष्णाकाठ (सांगली)
अंगणात पाण्याची टाकी आणि मीटरची पेटी शेजारी-शेजारी आहेत. जाळ कुठं करू?

हलगी_घुमकं (जत)
गेटबाहेर. जुन्या घमेल्यात. आणि तापवणारा वेगळा माणूस ठेवा, वाजवणाऱ्याच्या हातात हेडफोनची वायर असते.